थंडीत कारखान्याला ऊब : हीटरविषयी वाचकांच्या शंका

दिवाळी सरली की या सदराकडे हीटरची चौकशी करणारी पत्रे वाढू लागतात. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडक्यात घेतला असून पत्रलेखकांचा उल्लेख व्यवसाय आणि ठिकाण एवढाच ठेवला आहे.

प्रश्न : आमचा लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे. शेड वीस फूट रुंद, तीस फूट लांब आणि बारा फूट उंच असून भिंती विटांच्या, छप्पर पत्र्याचे आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कारागिरांची बोटे आखडतात, फेविकॉल नीट धरत नाही आणि पॉलिशवर पांढरट झाक येते. २००० वॅटचे दोन ब्लोअर घेण्याचा विचार आहे. दुकानदार मात्र तेलाचा हीटर कमी वीज खातो असे सांगतो. कोणता घ्यावा? लाकडाचे तुकडे आमच्याकडे भरपूर निघतात. त्यांवर चालणारी शेगडी लावली तर चालेल का?
— फर्निचर व्यावसायिक, तालुका निफाड

उत्तर : दुकानदाराच्या सांगण्याचा निकाल आधी लावू. तारेची कॉइल असो, ब्लोअर असो, हॅलोजन असो वा तेलाचा रेडिएटर असो, ज्या हीटरमध्ये वीज थेट उष्णतेत बदलते त्या प्रत्येकातून एका युनिटला ८६० किलोकॅलरीच उष्णता मिळते. यात कोणत्याही कंपनीला काही वाढवता येत नाही आणि कमीही करता येत नाही. तेलाचा हीटर ‘कमी वीज खातो’ असे वाटते ते त्याचा थर्मोस्टॅट मधूनमधून त्याला बंद करतो म्हणून. तसाच थर्मोस्टॅट ब्लोअरला असेल तर तोही तेवढाच बंद राहील. म्हणून हीटर निवडताना ‘वीज किती खातो’ यापेक्षा ‘ती उष्णता नेमकी कोणाला पोहोचते’ हा प्रश्न विचारावा. आपल्या पत्रात तर ऊब हवी असलेल्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत : कारागीर, सरस आणि पॉलिश. तिघांची सोय एकाच यंत्राने होणार नाही.

संपूर्ण शेड गरम करण्याचा विचार सोडून द्यावा, असे आम्ही का म्हणतो ते आकड्यांतून दिसेल. बाहेर ८ अंश तापमान असताना आत १८ अंश हवेत असे धरू. आपले छप्पर सुमारे ५६ चौरस मीटरचे आहे. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, तापमानातील एका अंशाच्या फरकामागे, साधारण ६ वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे एकट्या छपरातून सुमारे ३.४ किलोवॅट गेले. नऊ इंची विटांच्या भिंतींचे क्षेत्रफळ १११ चौरस मीटर होते; त्यांतून दोन-सव्वादोन किलोवॅट जातात. शटरखालच्या आणि पत्र्याच्या पन्हाळीतल्या फटींतून तासाला तीन वेळा हवा बदलते असे धरले तरी आणखी दोन किलोवॅट लागतात. बेरीज साडेसात किलोवॅटच्या पुढे गेली, आणि रात्रभर गार पडलेल्या भिंती, यंत्रे व लाकूड तापवण्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही. आपले दोन ब्लोअर मिळून चार किलोवॅटचे. त्यांनी तापवलेली हवा हलकी होऊन पत्र्याखाली जाईल आणि कारागिरांच्या पायांपाशी थंडी तशीच राहील.

तरीही निफाडची थंडी हा बहुतेक दिवशी सकाळच्या तीन-साडेतीन तासांचाच प्रश्न आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतात. पारा एक आकड्यावर येणे तिथे नेहमीचेच, एखाद्या वर्षी तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. पण हा रात्रीचा नीचांक असतो. ऊन वर आले की अकरापर्यंत पत्रा तापतो आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. एवढ्यासाठी साडेसात किलोवॅटचा भार उभा करण्यापेक्षा माणूस जिथे उभा राहून काम करतो तेवढीच जागा उबदार करणे शहाणपणाचे आहे.

त्यासाठी हवा न तापवता समोरच्या अंगाला थेट ऊब देणारे, म्हणजे किरणांनी तापवणारे हीटर असतात. त्यांत मात्र दोन जाती आहेत आणि आपल्या धंद्यात हा फरक फार मोलाचा आहे. हॅलोजन, क्वार्ट्झ आणि दोन रॉडचे हीटर लालभडक होतात. त्यांच्या कॉइलचे तापमान ७०० अंशांच्या पुढे असते. लाकडाच्या बारीक भुशाचा थर अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास धुमसू लागतो. सँडिंगचा उडणारा भुसा आणि लाल कॉइल एका छताखाली ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे आहे. ब्लोअर तर त्याहून वाईट, कारण त्याचा पंखा हा भुसा स्वतःच आत ओढून कॉइलवर टाकतो. ब्लोअर लावल्यावर येणारा जळका वास या भुशाचाच असतो. दुसरी जात लाल न होणाऱ्या सपाट पॅनेलची आहे. त्यांचा पृष्ठभाग साधारण शंभर अंशांच्या घरात राहतो. ६०० ते ७०० वॅटचे असे एकेक पॅनेल जोडणीच्या टेबलाशी, कारागिराच्या समोर किंवा बाजूला पाच-सहा फुटांच्या आत पक्के बसवावे. करवत यंत्र आणि सँडर यांच्याजवळ ते लावू नये. पॅनेलच्या वरच्या कडेवर भुसा साचतो. तो रोज सकाळी, पॅनेल थंड असतानाच, ओल्या फडक्याने पुसावा. कमी तापमानालाही लाकडाचा थर फार दिवस शेकत राहिला तर करपतो, म्हणून हे काम आठवड्यावर ढकलू नये. तीन पॅनेल तीन तास चालली तर सहा युनिटे होतात; शेड गरम करायला त्याच वेळात बावीस-तेवीस लागली असती.

याच्याही आधी दोन स्वस्त कामे करून घ्यावीत. कारागीर शहाबादी फरशीवर उभे असतील तर त्यांच्या पायांखाली लाकडी फळ्यांचा पाट किंवा जाड रबरी चटई टाकावी. अनवाणी किंवा पातळ चपलेत उभ्या असलेल्या माणसाला खालून लागणारा गारवा कोणताही हीटर भरून काढत नाही. दुसरे काम शटरचे : त्याच्या आत प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा लावला की माणसांची आणि मालाची ये-जा चालू राहूनही वारा अडतो. छपराला आतून अस्तर लावायचे असेल तर ग्लासवूल किंवा रॉकवूल घ्यावे, कारण ते पेटत नाही आणि त्याचा खरा फायदा एप्रिल-मेच्या उन्हात होतो. उघडे थर्मोकोल मात्र सुतारकामाच्या शेडमध्ये कधीही लावू नये.

आता सरस. फेविकॉलसारखा पाण्यात कालवलेला पांढरा सरस साधारण १० अंशांच्या खाली नीट पापुद्रा धरत नाही. सांध्यावर तो खडूसारखा पांढरा वाळतो आणि जोड कच्चा राहतो. यासाठी नुसती बाटली गरम पाण्यात ठेवून भागत नाही, कारण रात्रभर ८ अंशांत पडलेल्या लाकडावर पडताच सरस पुन्हा गार होतो. शेडच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची आठ बाय दहा फुटांची, छत असलेली खोली करावी. सकाळी जोडायचे तुकडे आदल्या संध्याकाळीच तिच्यात ठेवावेत. या खोलीत तेलाचा हीटर अगदी योग्य ठरतो : ज्योत नाही, लाल कॉइल नाही, पंखा नाही. थर्मोस्टॅटवर चालणारा १५०० वॅटचा हीटर एवढ्या जागेला पुरेसा आहे. त्यावर फडकी वाळत घालू नयेत. सुतारखान्यात हे सर्रास होते म्हणून मुद्दाम सांगितले.

पॉलिशच्या जागेत कोणताही हीटर नको, हे आमचे स्पष्ट मत आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश पातळ करण्याच्या थिनरमध्ये टोल्युइन आणि अॅसिटोन यांसारखी द्रावणे असतात. टोल्युइनची पेट घेण्याजोगी वाफ ४ अंशांनाच तयार होते आणि अॅसिटोनची तर उणे २० अंशांना. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत जाते आणि दहा-बारा फुटांवरच्या हीटरपर्यंत पोहोचते. ज्योत नसलेल्या तेलाच्या हीटरमध्येही थर्मोस्टॅट चालू-बंद होताना ठिणगी पडतेच. पांढरट झाक येते ती थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग आणखी गार होतो आणि हवेतील दमट वाफ त्यावर बसते म्हणून. त्यावर उपाय वेळेचा आहे : हिवाळ्यात पॉलिशचे काम अकरा ते चार या वेळात ठेवावे, आणि घाईच असेल तर थिनर सावकाश उडवणारे रिटार्डर वापरावे.

लाकडाच्या तुकड्यांची शेगडी हा मोह समजण्यासारखा आहे, कारण इंधन फुकट आहे आणि एक किलो सुक्या लाकडात सुमारे चार युनिट विजेइतकी उष्णता असते. परंतु शेडच्या आत, भुशाच्या सान्निध्यात, उघडी शेगडी कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये. चिमणी असलेली बंद लोखंडी भट्टी विटांच्या भिंतीपलीकडे, वेगळ्या खोलीत बसवता येते. तसा खर्च करण्याची तयारी असेल तरच हा मार्ग घ्यावा आणि बसवण्यापूर्वी आपल्या विमा कंपनीला लेखी विचारावे. त्या भट्टीतही फक्त कोरे लाकूड जाळावे. प्लायवूड आणि एमडीएफमधील डिंकातून फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात, आणि पीव्हीसीच्या कडपट्ट्या जळाल्या की डोळे-घसा चुरचुरवणारा, लोखंड गंजवणारा आम्लवायू निघतो.

प्रश्न : माझे चारचाकी आणि दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. सकाळी सात वाजता काम सुरू होते. विजेपेक्षा गॅसचा हीटर स्वस्त पडतो असे ऐकले आहे. घरचा जास्तीचा सिलिंडर त्याला जोडला तर चालेल का? जळके इंजिन ऑइल फुकट मिळते, त्यावर चालणारी भट्टीही काही ठिकाणी पाहिली आहे.
— गॅरेजचालक, सिन्नर

उत्तर : घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याच्या जागी वापरणे एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० नुसार बेकायदा आहे. आपल्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा लागेल, तेव्हा हिशेबही त्याच्याच दराने मांडू. एक किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे एका सिलिंडरमध्ये २४३ युनिटांची. सिलिंडर समजा १८०० रुपयांना पडला तर उष्णतेचे एक युनिट साडेसात रुपयांना मिळाले. विजेचा दर समजा १० रुपये धरला तर साध्या हीटरचे युनिट १० रुपयांना पडते. आपल्या बिलातील दर घालून हा हिशेब पुन्हा करावा. कागदावर गॅस स्वस्त दिसतो खरा, पण जळलेला वायू बाहेर जाण्यासाठी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि त्या वाटेने उष्णताही जाते. शिवाय एक किलो गॅस जळला की सुमारे दीड-पावणेदोन लिटर पाण्याची वाफ तयार होते. ती थंड पान्यांवर, ड्रमवर आणि सुट्या भागांवर बसते. गॅरेजमध्ये याचा अर्थ गंज असा होतो.

पैशांपेक्षा मोठा मुद्दा आपल्या सर्व्हिसिंगच्या खड्ड्याचा आहे. आपण त्याचा उल्लेख केलेला नाही, पण चारचाकीचे काम करता म्हणजे तो असणार असे आम्ही गृहीत धरतो. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो आणि पेट्रोलची वाफ त्याहूनही जड असते. दोन्ही खड्ड्यात जाऊन बसतात आणि वरून वारा वाहत असला तरी तिथून हलत नाहीत. एलपीजीचे हवेतील प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले की ठिणगी पुरते. त्यामुळे खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये गॅसचा हीटर आणि सिलिंडर दोन्ही नकोत, असेच आम्ही सांगू.

आपल्यासाठी विजेचा, भिंतीवर सात-आठ फूट उंचीवर पक्का बसवलेला किरणांचा हीटर योग्य आहे. त्याचे तोंड कामाच्या टेबलाकडे असावे, खड्ड्याकडे नसावे. जमिनीवर ठेवायचा कोणताही हीटर, अगदी तेलाचासुद्धा, गॅरेजमध्ये आणू नये. टाकी रिकामी करणे, कार्ब्युरेटर धुणे, पेट्रोलचा फिल्टर बदलणे ही कामे हीटर चालू असताना आत करू नयेत. ती उघड्यावर करावीत. गिऱ्हाइकांना बसण्यासाठी किंवा हिशेबासाठी वेगळी बंद केबिन असेल तर तिथे गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी विचारात घ्यावा. असा एसी उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. म्हणून आपल्याकडच्या हवेत तो एका युनिट विजेमागे सुमारे तीन युनिटे उष्णता देऊ शकतो आणि वरच्या हिशेबाने ती सव्वातीन-साडेतीन रुपयांना पडते. मात्र खरेदी करताना त्याचे तारे पाहून भुलू नये : ते गारव्याच्या कामगिरीसाठी दिलेले असतात, उष्णतेच्या नव्हे. केवळ गारवा देणारे मॉडेल स्वस्तात माथी मारले जाते, तेव्हा ‘हीट’ ही सोय बटणावर आहे का ते दुकानातच चालवून पाहावे.

जळक्या ऑइलची भट्टी लावू नये. इंजिनात झिजलेले धातू आणि ऑइलमधील रसायने त्या धुरात असतात आणि तो धूर आपण व आपली पोरे दिवसभर श्वासात घेतात. धोकादायक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑइल मोडते. ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. त्याचे पैसेही मिळतात.

प्रश्न : एक हजार ब्रॉयलर पिल्लांची पहिली बॅच जानेवारीत येणार आहे. ब्रूडरसाठी, म्हणजे पिलांना ऊब देण्यासाठी, बल्ब लावावेत की कोळशाची शेगडी? रात्री वीज जाते म्हणून शेगडी बरी असे शेजारी सांगतात. थंडी अडवण्यासाठी शेड चारही बाजूंनी पोत्यांनी बंद करणार आहोत.
— नवउद्योजक, तालुका संगमनेर

उत्तर : पिलाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवायचे असते. पिलामागे २ वॅट हा चालत आलेला हिशेब धरला तर एक हजार पिलांना २००० वॅट, म्हणजे २५० वॅटचे आठ इन्फ्रारेड बल्ब लागतील. ते एकाच रिंगणात गर्दीने न लावता तीन-चार चिक गार्डांत (पिलांभोवती उभ्या केलेल्या गोल कुंपणांत) वाटावेत. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नये, साखळीने टांगावा. खाली भाताचे तूस पसरलेले असते आणि वायर सुटून बल्ब तुसात पडला की शेड वाचत नाही. सुरुवातीला उंची दीड फूट ठेवावी आणि मग पिलांकडे पाहून साखळीची कडी बदलावी.

थर्मामीटर हवाच, पण पिले त्याच्याइतकेच खरे सांगतात. ती बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे. कडेला पळून चोच उघडून, पंख पसरून बसली असतील तर जास्त आहे. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वाऱ्याची झोत लागते आहे. दाणापाण्याभोवती सारखी पसरलेली दिसली की हात लावू नये. ही पाहणी दुपारी करून उपयोग नाही. पहाटे तीन ते पाच या वेळात शेडमध्ये जाऊन ती करावी लागते.

शेगडीविषयी शेजाऱ्यांचे ऐकू नये, आणि पोत्यांनी चारही बाजू बंद करण्याचा विचार तर लगेच सोडावा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. पिले मरगळतील ती मरगळतीलच, पण रात्री राखणीला शेडमध्ये झोपणारा माणूस झोपेतच जाऊ शकतो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही त्याची लक्षणे थंडी-तापासारखी वाटतात, म्हणून कोणी लक्ष देत नाही. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पडदे खालून वर घ्यावेत आणि वर किमान एक फूट जागा उघडी ठेवावी. त्यामुळे तुसातील अमोनियाही निघून जाईल.

वीज जाण्याची भीती खरी आहे. त्यावर व्यावसायिक सिलिंडरवर चालणारा, ज्योत विझताच गॅस बंद करणारा गॅस ब्रूडर जोडीला ठेवावा. सिलिंडर शेडबाहेर, उघड्या हवेत असावा.

प्रश्न : माझ्या शिवणकामाच्या वर्गात आठ मशिनी आहेत. गेल्या हिवाळ्यात २००० वॅटचा हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावला तर सॉकेट वितळला. हीटर खराब होता का?
— शिवणवर्ग संचालिका, सातारा

उत्तर : हीटर बहुधा चांगलाच होता. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर वीजप्रवाह घेतो. लहान पिनचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे तो १३८० वॅटपर्यंतच पेलतो. त्यातून आपण त्याच बोर्डवर इस्त्रीही लावत असाल अशी आम्हाला शंका आहे. मोठ्या पिनला अॅडॉप्टर लावून ती लहान सॉकेटमध्ये बसवली म्हणजे सॉकेटची ताकद वाढत नाही.

परवानाधारक वायरमनकडून हीटरसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, मुख्य बोर्डापासून थेट २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारी कळ) आणि खरोखर जोडलेली अर्थिंग करून घ्यावी. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) नसेल तर तोही बसवावा. वायरमनला आपल्या वीजबिलावरील मंजूर भार दाखवावा. मशिनी, इस्त्री आणि हीटर मिळून तो ओलांडत असेल तर आधी भार वाढवून घ्यावा. नवा हीटर घेताना आयएसआय चिन्ह, कलंडला तर आपोआप बंद होणारी कळ आणि जास्त तापल्यास वीज तोडणारी व्यवस्था या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे जमिनीवर चिंध्या आणि दोऱ्यांचा पसारा असतो, त्यामुळे तेलाचा हीटरच घ्यावा आणि त्याच्याभोवती तीन फूट जागा मोकळी ठेवावी. वितळलेला सॉकेट असलेला तो बोर्ड दुरुस्त न करता टाकून द्यावा.

प्रश्न : मी इडली-डोशाचे तयार पीठ दुकानांना पुरवते. रोज ५० किलो पीठ लागते. डिसेंबरात ते रात्रभरात फुगत नाही. पीठ ठेवतो त्या खोलीसाठी किती वॅटचा हीटर घ्यावा?
— गृहउद्योजिका, नागपूर

उत्तर : खोलीसाठी हीटर घेऊच नये. आपल्याला खोली नव्हे, पीठ उबदार ठेवायचे आहे, आणि त्याला लागणारी उष्णता नवल वाटावे इतकी थोडी आहे. ५० किलो पीठ १८ अंशांवरून ३० अंशांवर नेण्यासाठी अवघे ०.६ युनिट पुरते. त्यातलेही बरेचसे काम वाटतानाच होऊ शकते : हिवाळ्यात वाटण्यासाठी थंड पाण्याऐवजी ४० अंशांच्या आसपासचे, हाताला सोसवेल असे कोमट पाणी वापरावे. कढत पाणी मात्र टाळावे, त्याने आंबवणारे जिवाणूच मरतात.

त्यानंतर फक्त ती ऊब टिकवायची आहे. डबे मावतील असे कपाट घेऊन त्याला आतून दोन इंच जाडीचे उष्णतारोधक पॅनेल लावावे. तळाशी जाळीच्या आड १०० वॅटचा बल्ब किंवा तेवढ्याच ताकदीचा छोटा हीटर, वर हवा फिरवणारा लहान पंखा आणि अंडी उबवणी यंत्राला वापरतात तो डिजिटल थर्मोस्टॅट बसवावा. थर्मोस्टॅटचा तापमापक डब्यांच्या मधोमध लोंबता ठेवावा. बल्बजवळ ठेवला तर तो बल्बचेच तापमान मोजेल आणि वरचे डबे गार राहतील. ३० अंशांवर लावून सुरुवात करावी. पिठात वाफेचा ओलावा असतोच, त्यामुळे आतली वायरिंग उघडी नसावी आणि जोड डब्यांच्या पातळीपेक्षा वर घ्यावेत. पीठ फुगले की ते कपाटातून काढून लगेच थंड करावे, नाहीतर दुकानात पोहोचेपर्यंत आंबट होते आणि माल परत येतो.